खाल्लेलं अंगी का लागत नाही?

प्रश्न इंदूरच्या एका ताईंचा आहे. त्यांचे यजमान ३८ वर्षांचे. नऊ महिन्यांपासून दिवसातून चार-पाच वेळा सैल, फिकट, तेलकट शौच होते. ती भांड्याला चिकटते, पाणी ओतूनही जात नाही. वजन ६४ किलोवरून ५१ वर आलं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, संध्याकाळी पावलं सुजतात. ताप नाही, पोटात दुखत नाही. रिपोर्टांत हिमोग्लोबिन ७.८, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड कमी, बी१२ व्यवस्थित, कॅल्शियम ७.०, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन २.९, दोन्ही कमी. सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि मोठ्या आतड्याची दुर्बीण नॉर्मल. पहिल्या डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे आतड्याच्या कामातली नुसती गडबड, सांगितलं. दुसऱ्यांनी कागदावर ‘मालअ‍ॅब्सॉर्प्शन सिंड्रोम’ लिहिलं, पुढे ट्रॉपिकल स्प्रू आणि आतड्याचा टीबी अशी दोन नावं प्रश्नचिन्हं घालून लिहिली, आणि टीबीची औषधं सुरू करून बघू म्हणाले. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून तीन आठवडे पोळी बंद आहे. ताई विचारतात: हा आजार नेमका कोणता, याचे प्रकार किती, आणि टीबीची औषधं सुरू करायची का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. टीबीची औषधं अजून सुरू करू नका. पोळी बंद केलीत याचीही मला तितकीच काळजी वाटते. दोन्हींची कारणं पुढे येतील, पण ती कळायला या आजारांची विभागणी कशी करतात ते आधी समजून घ्यावं लागेल. मी गेली २६ वर्षं इंदुरात पोटविकारांचे रुग्ण पाहतो आहे. ही विभागणी डोक्यात पक्की नसेल तर डॉक्टर आणि रुग्ण दोघंही एका औषधाकडून दुसऱ्या औषधाकडे भटकत राहतात, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

आयबीएस आपण बाजूला ठेवू. आयबीएसचा रुग्ण त्रासतो, पण झिजत नाही. तेरा किलो घटलेलं वजन, इतकं उतरलेलं रक्त आणि सुजलेली पावलं त्या खात्यात घालता येत नाहीत.

दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेला शब्द बरोबर आहे, पण तो ‘ताप’ या शब्दासारखा आहे. ताप आहे एवढं म्हटल्यावर मलेरिया, टायफॉइड की न्यूमोनिया हे ठरायचं बाकीच असतं. आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात ना, खाल्लेलं अंगी लागत नाही, तेच या शब्दात सांगितलेलं आहे. ते का लागत नाही, यासाठी आम्ही तीन पायऱ्या तपासतो. अन्न आतड्याच्या पोकळीत नीट पचलं का? पचलेलं आतड्याच्या भिंतीने आत घेतलं का? आत घेतलेलं पुढे शरीरात पोचलं का? बहुतेक सगळे शोषणदोष या तीन पायऱ्यांत बसतात, आणि कोणती पायरी मोडली त्यावर उपचार ठरतो.

पहिली पायरी पचनाची. इथे स्वादुपिंडाचा रस आणि पित्त लागतं. स्वादुपिंडाची ताकद मोठी आहे. त्याचा एन्झाइमांचा स्राव दहा टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत शौचातून चरबी जात नाही. म्हणून जुनाट पॅन्क्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेचा, रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा मागे बरीच वर्षं गेलेली असतात. बरेचदा वरच्या पोटातून पाठीकडे जाणारी कळ असते, मधुमेह असतो, दारूचा इतिहास असतो. केरळात दारूशिवाय तरुणपणीच होणारा, स्वादुपिंडात खडे करणारा प्रकारही खूप पाहिला गेला. इथे शौचात अक्षरशः तेलाचे थेंब दिसतात, पण लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड सहसा टिकून राहतं, कारण आतड्याची भिंत शाबूत असते. तपासणी सोपी आहे. शौचातलं इलास्टेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम मोजतात, २०० च्या खाली गेलं तर संशय, १०० च्या खाली गेलं तर जवळजवळ खात्री. मात्र पाण्यासारख्या पातळ नमुन्यात हा आकडा खोटाच कमी येतो. उपचार एन्झाइमच्या कॅप्सूलचा, दर जेवणाला ४० ते ५० हजार युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम), आणि ती जेवताना घ्यायची. तासाभराने किंवा झोपताना घेऊन ‘गुण येत नाही’ म्हणणारे कितीतरी रुग्ण निव्वळ वेळ बदलल्याने सुधारले आहेत.

पित्त कमी पडतं ते पित्तमार्ग अडला किंवा लहान आतड्याचा शेवटचा भाग, इलियम, कापून काढला तर. इलियम पित्ताम्ल परत शोषून यकृताकडे पाठवतं. १०० सेंटिमीटरपेक्षा कमी काढलं असेल तर पित्ताम्ल मोठ्या आतड्यात उतरून पाण्यासारखे जुलाब होतात आणि पित्ताम्ल बांधून ठेवणाऱ्या कोलेस्टायरामिन या औषधाने थांबतात. त्याहून जास्त काढलं असेल तर पित्ताचा साठाच आटतो, चरबी पचत नाही, आणि तिथे कोलेस्टायरामिन दिलं तर उलट बिघडतं. लक्षण तेच, औषध विरुद्ध. म्हणून जुन्या ऑपरेशनचे कागद जपून ठेवा असं मी प्रत्येकाला सांगतो. लहान आतड्यात जंतूंची दाटी होते तीही याच पायरीची. ते जंतू बी१२ खाऊन टाकतात पण फॉलिक अ‍ॅसिड तयार करतात, त्यामुळे रक्तात बी१२ कमी आणि फॉलिक अ‍ॅसिड चांगलं, कधी जास्तही. तुमच्या यजमानांचं चित्र बरोबर उलट आहे.

तिसरी पायरी वहनाची, ती दुर्मिळ म्हणून चटकन सांगतो. चरबी लसिकावाहिन्यांतून पुढे जाते. त्या जन्मतः फुगलेल्या असतील किंवा टीबीच्या वा कॅन्सरच्या गाठींनी दबल्या असतील, तर चरबीबरोबर प्रथिनं आणि लिम्फोसाइट पेशीही आतड्यात गळतात. सूज फार आणि लवकर येते. हृदयाचं आवरण आवळलं गेलं तरी असंच होतं.

राहिली दुसरी पायरी, भिंतीची. तुमच्या यजमानांचं मोडलेलं इथेच आहे असं मला वाटतं, आणि ते का वाटतं हे आतड्याच्या भूगोलावरून सांगतो. लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं. बी१२ अगदी खाली, इलियममध्ये. तुमच्याकडे वरच्या भागाच्या सगळ्या गोष्टी एकदम पडल्या आहेत आणि खालची शाबूत आहे. एक काळजी घ्यायला हवी: यकृतातला बी१२ चा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे नऊ महिन्यांच्या आजारात बी१२ चांगलं दिसलं म्हणून इलियम निर्दोष आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. कॅल्शियमचंही तसंच. अल्ब्युमिन कमी असलं की रिपोर्टात कॅल्शियम आहे त्यापेक्षा कमी दिसतं. हिशेब करून ते ७.९ च्या आसपास येतं, म्हणजे खरोखर कमीच आहे, आणि पोटऱ्यांतल्या गोळ्यांचं कारण तेच असावं. मॅग्नेशियमही मोजून घ्या. ते कमी असेल तर कॅल्शियम कितीही दिलं तरी गोळे थांबत नाहीत.

विभागणीचा आणखी एक धागा इथे कामाचा आहे: सगळंच शोषण बिघडलंय की एखाद्याच घटकाचं? दुधाने पोट बिघडणारा माणूस फक्त दुधातली साखर पचवू शकत नाही. त्याची भिंत ठणठणीत असते, वजन घटत नाही, दही बहुधा चालतं. पर्निशियस अ‍ॅनिमिया या रक्तक्षयात फक्त बी१२ अडतं. तुमच्याकडे चरबी, लोह, फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम असे एकमेकांशी संबंध नसलेले घटक एकत्र पडलेत. याचा अर्थ भिंतीचा मोठा पट्टा बिघडलेला आहे.

भिंतीवर मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. ते झडले की शोषणाची जागाच जाते. मालव्यासारख्या गहू खाणाऱ्या मुलखात याचं पहिलं कारण म्हणून सीलिएक आजाराचं नाव घ्यायला हवं, आणि तुमच्या कागदावर नेमकं तेच नाव नाही. गव्हातल्या आणि जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उठते. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, दक्षिणेत फारच थोड्यांना. गव्हाचा संबंध प्रथम दाखवला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धातल्या १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांच्याकडची ही मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. १९५० साली त्यांनी ते प्रबंधात मांडलं.

हा लहान मुलांचाच आजार आहे हा गैरसमज अजून गेलेला नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत देवासकडच्या एका गावातून १९ वर्षांची मुलगी आली होती, उंची बारा वर्षांच्या मुलीएवढी, पाळी आलेली नाही, रक्त सतत कमी. जुलाब नव्हते म्हणून मी वर्षभर लोहाच्या गोळ्या बदलत राहिलो. निदान झालं तेव्हा तिचं उंची वाढायचं वय निघून गेलं होतं. ते वर्ष मी तिला परत देऊ शकत नाही. तेव्हापासून गोळ्यांनी न वाढणारं लोह दिसलं की जुलाब असोत-नसोत, मी सीलिएकची तपासणी करतो.

ट्रॉपिकल स्प्रू हे दुसरं नाव. आपल्या देशात त्यावर मोठं काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बेकर आणि माथन यांनी केलं. १९६० च्या दशकात तिथल्या आसपासच्या खेड्यांत याच्या साथीच आल्या होत्या. बहुधा एखाद्या तीव्र जुलाबानंतर सुरू होतो, आतडं वरपासून खालपर्यंत पकडतो, म्हणून बी१२ ही उतरतं. डॉक्सिसायक्लिन आणि फॉलिक अ‍ॅसिड तीन ते सहा महिने दिलं की माणूस उभा राहतो. आता हा आजार पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला आहे, पण संपलेला नाही. दुसरं कारण सापडत नाही आणि दोन किंवा अधिक घटकांचं शोषण बिघडलंय, तेव्हाच हे नाव घ्यायचं. आधी नाव आणि मग तपासण्या असा क्रम इथे चालत नाही.

भिंत बिघडवणारी बाकीची मंडळीही विसरता येत नाहीत. जिआर्डिया, स्ट्राँगिलॉइडिस हे परजीवी. एचआयव्हीसोबत येणारे संसर्ग. जन्मतः इम्युनोग्लोब्युलिन कमी असणं, ज्यात जिआर्डिया पुनःपुन्हा होतो. क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार. आणि एक औषध: रक्तदाबासाठीचं ओल्मेसार्टन. ते काही जणांत हुबेहूब सीलिएकसारखं चित्र उभं करतं, हे २०१२ मध्ये लक्षात आलं. गोळी बंद केली की आतडं भरून येतं. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचं नाव डॉक्टरांना आवर्जून दाखवा, पण स्वतःहून बंद करू नका.

आता टीबी. तो वगळा असं मी म्हणत नाही, आपल्या देशात तसं म्हणता येणारच नाही. टीबी तिन्ही पायऱ्यांवर घुसतो: आतडं अरुंद करून जंतूंची दाटी घडवतो, भिंतीवर व्रण करतो, गाठींनी लसिका अडवतो. पण त्याच्या खुणा असतात. संध्याकाळचा ताप, उजवीकडे खाली दुखणं, पोट फुगून गुडगुडणं आणि मग मोकळं होणं, दुर्बिणीत व्रण, सोनोग्राफीत किंवा सीटीत गाठी. तुमच्याकडे आजवर यातलं काहीच नाही. ‘देऊन बघू’ यात दोन धोके आहेत. सहा महिने यकृतावर ताण देणारी औषधं विनाकारण पोटात जातील, हा एक. दुसरा जास्त फसवा: त्यातलं रिफाम्पिसिन हे जंतूंविरुद्ध व्यापक काम करणारं औषध आहे, त्यामुळे आतड्यातली जंतूंची दाटी कमी होऊन महिनाभर बरं वाटतं आणि सगळ्यांचा समज होतो की टीबीच होता. खरा आजार मागे तसाच राहतो. पुरावा मिळाला तर टीबीचा कोर्स पूर्ण करायचा, त्यात कसूर नाही.

मग आता काय करायचं? उद्याच रक्त द्या: सीलिएकमध्ये वाढणारं प्रतिपिंड मोजणारी टीटीजी आयजीए, आणि सोबत एकूण आयजीए (आयजीए हा रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार). दुसरी तपासणी लोक पैसे वाचवायला गाळतात. ज्यांचं एकूण आयजीएच कमी असतं त्यांची टीटीजी खोटीच निगेटिव्ह येते, त्यांना आयजीजी प्रकारची तपासणी लागते. एचआयव्ही, साखर, थायरॉइड, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, ड जीवनसत्त्व आणि रक्त गोठण्याची वेळ त्याच नमुन्यात होईल. शौचाची तपासणी तीन वेगवेगळ्या दिवशी करा. एका नमुन्यात जिआर्डिया सहज निसटतो.

त्यानंतर वरची दुर्बीण. मोठ्या आतड्याची झाली म्हणून ही झाली असं नाही. हे दोन वेगळे रस्ते आहेत. ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागातून किमान चार तुकडे आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन घ्यायला सांगा, कारण हा आजार ठिपक्याठिपक्यांत असू शकतो. अंकुर किती झडलेत याच्या ‘मार्श’ नावाच्या श्रेणीनुसार पॅथॉलॉजिस्ट रिपोर्ट देतील. अंकुर झडलेले दिसले की सीलिएकच, असं मात्र नाही. वर सांगितलेल्या बऱ्याच आजारांत ते झडतात. रक्त, तुकडा आणि उपचाराला मिळणारा प्रतिसाद, तिन्ही जुळावं लागतं.

आता पोळीची गोष्ट. गहू बंद झाला की टीटीजी उतरायला लागते आणि अंकुर भरायला लागतात. काही महिन्यांनी तपासणी केली तर सगळं साफ दिसू शकतं आणि मग निदान कायमचं लटकतं. तीन आठवड्यांत ती सहसा पूर्ण उतरत नाही, म्हणून घाई करा. पॉझिटिव्ह आली तर सरळ दुर्बीण. निगेटिव्ह आली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज एक-दोन पोळ्या पुन्हा सुरू करून, दोन ते आठ आठवड्यांनी तपासणी परत करावी लागेल. त्यांची तब्येत पाहता हे अशक्त अंगाला जड जाईल, म्हणून तशी वेळ आल्यास एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी आधी करून घ्यावी. तिच्यावर खाण्यापिण्याचा परिणाम होत नाही, आणि ती निगेटिव्ह आली तर सीलिएक जवळजवळ बाद होतो.

काकूंचा सल्ला मायेचा होता आणि कदाचित बरोबरही ठरेल, पण हे पथ्य जन्मभराचं आहे. ‘बहुधा असेल’ एवढ्यावर ते जन्मभर कोणी पाळत नाही.

दरम्यान शरीर सांभाळायला हवं. लोह आता शिरेतून द्यावं लागेल, गोळी या भिंतीतून जाणार नाही. फॉलिक अ‍ॅसिडसोबत बी१२ ही द्यावं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं आणि बी१२ चा साठा आतून कमी असला तर नसांना इजा होते. दूध काही आठवडे थांबवा, दही-ताक चालेल. स्टिरॉइड कोणी सुचवलं तर टीबी आणि स्ट्राँगिलॉइडिस नाही हे पक्कं होईपर्यंत थांबायला सांगा. बोटं आखडू लागली, लघवी कमी झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर ओपीडीची वाट पाहू नका, भरती करा. इतक्या झिजलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं आहे. फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं. खाणं हळूहळू वाढवा.

सीलिएक निघालाच तर इंदुरात राहून पथ्य होईल का, ही भीती प्रत्येकाला वाटते. होतं. सकाळचे पोहे चालतात, जिलबी नाही. दाल चालते, बाफले (गव्हाच्या बट्ट्या) नाहीत. भुट्ट्याचा कीस मक्याचा, गराडू कंदाचा, पण सराफ्याच्या खाऊबाजारात तो कचोरीच्याच कढईत तळलेला असेल तर नको. सगळ्यात जास्त फसवतो तो हिंग. बाजारच्या हिंगाच्या डबीत बहुधा मैदा मिसळलेला असतो, आणि तोच शेवेत, वरणात, पापडात जातो. डबीवरचा मजकूर वाचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ घरचेच आहेत, आणि वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा हे एकादशीचं सामान आता रोज चालेल. थालीपिठाच्या भाजणीत गहू नको. उकडीचे मोदक चालतील, तळलेले नाहीत. ज्वारी गव्हाच्या चक्कीवर दळू नका, त्यापेक्षा घरगुती चक्की घ्या. प्रसादाचा शिरा हातावर ठेवून ‘एवढ्याशाने काय होतं’ म्हणणारे भेटतील. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेनही आतडं बिघडवू शकतं, म्हणजे एका फुलक्याचा साधारण पन्नासावा भाग. त्यांना नम्रपणे नाही म्हणायला शिकावं लागेल.

पथ्य नीट पाळलं तर जुलाब काही आठवड्यांत थांबतात आणि वजन चढू लागतं. अंकुर मात्र मोठ्या माणसात भरून यायला वर्ष-दोन वर्षं घेतात, म्हणून टीटीजी सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा तपासायची.

आणि यजमानांचं निदान पक्कं झालं तर त्यांच्या भावंडांची, आईवडिलांची आणि तुमच्या मुलांचीही टीटीजी करून घ्या, कोणाला काही त्रास नसला तरी. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार वीसातल्या एकाला, कधी दहातल्या एकाला सापडतो. त्यांची पोळी मात्र तपासणी होईपर्यंत चालू ठेवा.